विश्लेषण : चारोटीहून दोन दिवसांत दमण आणि वसई, स्पेनच्या राजाच्या काळातील कोटबंद शहरे कशी पाहावीत?

स्पेनमधील तोलेदो, ग्रॅनाडा, सेव्हिया या जुन्या शहरांची छायाचित्रे पाहून तेथे जाण्याचे बेत अनेक घरांत होतात. व्हिसा, विमानभाडे आणि रजा यांचा हिशेब मांडला की त्यातील बहुतेक पुढच्या वर्षावर जातात. मात्र स्पेनच्या राजाच्या अमलाखाली ६० वर्षे राहिलेली दोन शहरे मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत आहेत. चारोटी नाक्यावरून उत्तरेला गेले की दमण आणि दक्षिणेला गेले की वसई. चारोटी या दोहोंच्या मधोमध असल्याने डहाणू, तलासरी, कासा, जव्हार या भागांतील कुटुंबांना शनिवार-रविवारच्या सुट्टीत दोन्ही पाहता येतात. तरीही दमणची सहल बहुधा समुद्रकिनाऱ्यावरच संपते आणि वसईची छायाचित्रे काढण्यापुरती उरते. थोडे नियोजन केले तर याच दोन दिवसांत आपल्या तालुक्यांचाही विस्मरणात गेलेला इतिहास हाती लागतो.

स्पेनच्या राजाचा येथे संबंध कसा?

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ मधील तहाने वसई पोर्तुगिजांना दिली. दमण त्यांनी १५५९ मध्ये घेतले. त्या वेळी या दोन्ही ठिकाणांचा स्पेनशी काहीही संबंध नव्हता. पुढे १५७८ मध्ये पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियांव मोरोक्कोतील लढाईत मारला गेला. त्याला वारस नव्हता. गादीवर आलेला त्याचा वृद्ध नातलग हेन्रीही १५८० मध्ये निपुत्रिक वारला. आईच्या बाजूने पोर्तुगीज राजघराण्याशी नाते असलेला स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने हक्क सांगितला, सैन्य पाठवले आणि पोर्तुगालचा मुकुटही मिळवला. लिस्बनचा राजा बदलला, तसा दमण, वसई, चौल, गोवा यांचाही बदलला. ही व्यवस्था १६४० पर्यंत टिकली. त्या वर्षी पोर्तुगालने बंड करून ब्रागांसा घराण्याचा राजा गादीवर बसवला.

मग ही शहरे स्पॅनिश म्हणायची का?

नाही. दुसऱ्या फिलिपने १५८१ मध्ये पोर्तुगालच्या प्रतिनिधींना वचन दिले होते की पोर्तुगालचे कायदे, भाषा आणि वसाहतींचा कारभार वेगळाच राहील. त्यामुळे राजा माद्रिदमध्ये असला तरी वसईचा कॅप्टन, दमणचे अधिकारी आणि गोव्याचा व्हाइसरॉय पोर्तुगीजच होते. याचा पुरावा मराठीतही सापडतो. कुलपाच्या किल्लीला आपण चावी म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज ‘शावे’वरून आला, त्याचे स्पॅनिश रूप ‘यावे’ आहे. पाव हा शब्दही पोर्तुगीज. स्पॅनिश माणूस त्याला ‘पान’ म्हणतो.

असे असले तरी या दोन शहरांत आज उठून दिसणारे बरेचसे बांधकाम त्याच ६० वर्षांतील आहे. सहलीला जाताना तीन वर्षे लक्षात ठेवली तरी पुरे. वसईच्या मुख्य चर्चच्या पुनर्बांधणीचे वर्ष १६०१, मोटी दमणमधील बोम जेझुस चर्चच्या प्रतिष्ठापनेचे १६०३ आणि नानी दमणचा किल्ला बांधायला घेतला ते १६१४. या तिन्ही वर्षी राजा एकच होता, स्पेनचा तिसरा फिलिप. पोर्तुगीज त्याला दुसरा फिलिप म्हणत, कारण त्यांच्या गादीवरचा त्या नावाचा तो दुसराच राजा होता.

एकाच राजवटीची दोन शहरे इतकी वेगळी का?

दोन्ही शहरे एकाच पद्धतीने वसवलेली. पाण्याच्या तोंडाशी जागा, भोवती तोफांचा मारा झेलणारा जाड तट, बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले बुरूज, एक दरवाजा जमिनीकडे आणि एक पाण्याकडे. आत सरळ रस्ते, चौक, चर्च, मठ, कचेऱ्या आणि श्रीमंतांचे वाडे. यातले बरेच काही दमणमध्ये अजून वापरात आहे, तर वसईत छप्परही उरलेले नाही.

याचे कारण १७३९ मध्ये सापडते. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी उत्तर कोकणची मोहीम चालवली. त्या वर्षीच्या सुरुवातीलाच तारापूर, डहाणू आणि केळवे हा पट्टा पोर्तुगिजांच्या हातून गेला. वसईला वेढा पडला. तटाखाली सुरुंग लावून सेंट सेबास्तियन बुरुजाला भगदाड पाडण्यात आले आणि मे महिन्यात पोर्तुगिजांनी शहर सोडण्याचे मान्य केले. तहानुसार तेथील पोर्तुगीज रहिवासी निघून गेले. मठ आणि चर्च ज्यांच्यासाठी उभी होती तेच राहिले नाहीत. वसईच्या विजयात मिळालेल्या मोठ्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची प्रसिद्ध घंटा त्यांतलीच मानली जाते आणि तिच्यावर १७२१ हे साल आहे. पुढे १७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतली, नंतर ती मराठ्यांना परत मिळाली. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी वादग्रस्त तह केला तो येथेच. पेशवाई बुडाल्यावर या तटबंदीला लष्करी महत्त्वही उरले नाही.

दमणचा कोट मात्र पोर्तुगिजांकडेच राहिला आणि तोही डिसेंबर १९६१ पर्यंत. म्हणजे वसईवर त्यांचा अंमल २०५ वर्षे होता, तर दमणवर ४०२ वर्षे. वसई मराठ्यांनी घेतली, त्यानंतर २२२ वर्षांनी भारतीय सैन्याने दमण मुक्त केले. त्या कारवाईत पुढे होती मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. दमण आणि दीव १९८७ मध्ये गोव्यापासून वेगळे झाले आणि २६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगर हवेलीसह त्यांचा एकच केंद्रशासित प्रदेश आहे. मोटी दमणच्या कोटात आजही सरकारी कचेऱ्या चालतात, चर्चमध्ये प्रार्थना होते आणि आसपासच्या वस्तीत काही कुटुंबे घरात पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात.

म्हणूनच ही दोन शहरे जोडीने आणि याच क्रमाने पाहणे फायद्याचे. दमण आधी पाहिले की कोटबंद शहर नांदते तेव्हा कसे असते हे कळते. मग वसईच्या उघड्या भिंतींमध्ये उभे राहिल्यावर छप्पर कोठे होते, लाकडी वेदी कोठे असेल, चौकात काय चालत असेल, याचा अंदाज बांधता येतो. उलट क्रमाने गेल्यास वसई म्हणजे नुसते दगड वाटतात.

पहिला दिवस : दमणमध्ये काय पाहावे?

चारोटीहून वापी साधारण ५५ ते ६० किलोमीटर आणि वापीहून दमण सुमारे १२ किलोमीटर. सकाळी साडेसहाला निघाल्यास न्याहारीसाठी थांबूनही नऊच्या आत मोटी दमणला पोहोचता येते. वाहन नसल्यास डहाणू रोड स्थानक गाठावे. उपनगरी लोकल तेथेच संपते. पुढे घोलवड, उंबरगाव, संजाण, भिलाड या मार्गाने वापीला जाणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून घ्यावे. वापी स्थानकाबाहेर दमणसाठी शेअर रिक्षा आणि टॅक्सी मिळतात.

दमणगंगा नदी शहराचे दोन भाग करते. दक्षिणेला मोटी दमण, उत्तरेला नानी दमण. नावांवरून गोंधळ होतो, कारण गजबजलेला बाजार, हॉटेले आणि वाहनांची गर्दी नानी दमणमध्ये आहे, तर दहा बुरुजांचा मोठा कोट शांत मोटी दमणमध्ये. सकाळ मोटी दमणसाठी ठेवावी. कोटात शिरल्यावर वाहन एका जागी उभे करून पायी फिरावे. दोन-अडीच तासांत सारे पाहून होते.

बोम जेझुस चर्चचे कोरीव दगडी प्रवेशद्वार पाहिल्याशिवाय आत जाण्याची घाई करू नये. आत लाकडी कोरीव वेदी आहे. रोझरी चॅपेल आकाराने लहान, पण त्यातील सोनेरी मुलाम्याचे लाकडी काम बारकाईने पाहण्यासारखे आहे. दोन्ही प्रार्थनास्थळे आहेत. रविवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी केवळ पाहण्यासाठी आत जाणे टाळावे आणि छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. शनिवारी दमण आणि रविवारी वसई असा बेत केल्यास ही अडचणच येत नाही. कोटातच डोमिनिकन मठाचे भग्नावशेष आहेत. ते लक्षात ठेवावेत, कारण दुसऱ्या दिवशी वसईत अशाच मठाचे अवशेष दिसतील. पोर्तुगीज कवी बोकाज अठराव्या शतकाच्या अखेरीस काही काळ दमणला होता. त्याचे म्हणून दाखवले जाणारे घरही येथेच आहे.

दुपारी जेवण करून नदीपलीकडे सेंट जेरोम किल्ला पाहावा. १६१४ मध्ये सुरू झालेले त्याचे बांधकाम १६७२ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे स्पेनच्या राजाच्या नावाने पाया घातला गेला आणि काम संपेपर्यंत ती राजवट जाऊन ३२ वर्षे लोटली होती. दरवाजावर संत जेरोमची मूर्ती आहे. तटावरून खाली नदीतल्या होड्या आणि समोर मोटी दमणचा कोट एकाच नजरेत येतो. दोन किल्ले नदीच्या मुखाला कसे कैचीत पकडत होते, हे येथून जितके स्पष्ट दिसते तितके नकाशावर दिसत नाही. संध्याकाळ देवका किंवा जांपोर किनाऱ्यावर घालवता येते. ओहोटीच्या वेळी या भागात समुद्र बराच आत जातो आणि चिखल उघडा पडतो, त्यामुळे लहान मुले सोबत असतील तर पाण्याजवळ सावध राहावे.

राज्याची सीमा ओलांडताना कोणती काळजी घ्यावी?

या प्रवासात तलासरी आणि अच्छाडनंतर महाराष्ट्र संपतो. भिलाड आणि वापी गुजरातमध्ये आहेत आणि दमण केंद्रशासित. म्हणजे ७० किलोमीटरांच्या आत तीन प्रशासने लागतात. दमणमध्ये मद्यविक्री कायदेशीर आहे, मात्र तेथून परतताना गुजरातमधूनच यावे लागते आणि गुजरातमध्ये दारूबंदी आहे. पुढे महाराष्ट्रातही राज्याचा कर न भरलेले मद्य आणणे हा गुन्हा आहे. ‘एकच बाटली आहे’ हे कारण चालत नाही. वाहन अडकू शकते आणि सहलीचा दुसरा दिवस पोलीस ठाण्यात जाऊ शकतो. गाडीची कागदपत्रे, विमा आणि पीयूसी प्रमाणपत्र सोबत असावे. दमणला मुक्काम करायचा असेल तर प्रत्येकाचे ओळखपत्र लागते. शनिवारी खोल्यांचे दर चढतात. चारोटी परिसरातील कुटुंबांनी रात्री घरी परतणे सोयीचे आणि स्वस्तही, कारण दुसऱ्या दिवशीचा रस्ता उलट दिशेचा आहे.

दुसरा दिवस : वसईला रस्त्याने जावे की रेल्वेने?

चारोटीहून वसई किल्ला रस्त्याने ८० किलोमीटरांच्या पुढे आहे. अंतर दमणपेक्षा थोडेच जास्त, पण वेळ मोजताना फसगत होते. वसई फाट्यापर्यंत महामार्गावरची कोंडी आणि महामार्ग सोडल्यावर दाट वस्तीतून जाणारा रस्ता, यात तासभर सहज जातो. त्यापेक्षा वाहन डहाणू रोड स्थानकाजवळ ठेवून लोकलने जाणे बरे. विरारपर्यंत साधारण दीड तास आणि पुढे नालासोपारा सोडून वसई रोड. स्थानकाच्या पश्चिमेकडून किल्ल्याकडे बस आणि रिक्षा मिळतात. डहाणूच्या गाड्या मोजक्याच असल्याने परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा आधीच लिहून ठेवाव्यात.

वसईचा कोट शंभराहून अधिक एकरांत पसरलेला आहे आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. आत झाडी दाट आणि वाटा फाटे फुटणाऱ्या. भुईदरवाजापासून सुरुवात करून सागरी दरवाजाला शेवट केला तर शहराचा आडवा छेद पाहून होतो. वाटेत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन आणि जेझुइट मठ-चर्चचे अवशेष लागतात. त्यांच्या फरशीत पोर्तुगीज अक्षरे कोरलेले थडग्यांचे दगड आहेत. त्यांवरून चालणे टाळावे. सेंट जोसेफ हे शहराचे मुख्य चर्च. १६०१ हे साल याच चर्चचे. त्याचा मनोरा दुरूनही दिसतो. दमणच्या बोम जेझुसशी त्याची मनातल्या मनात तुलना करून पाहावी: दोन वर्षांच्या अंतराने पुढे आलेल्या दोन वास्तू आणि त्यांच्या आजच्या दोन अवस्था. कोटात नागेश्वराचे आणि वज्रेश्वरीचे मंदिर तसेच चिमाजी अप्पांचे स्मारकही आहे.

स्पेनशी वसईचा आणखी एक धागा माणसाचा आहे. गोन्सालो गार्सिया याचा जन्म सोळाव्या शतकात वसईत झाला. तो जपानला गेला आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. मनिला तेव्हा स्पेनच्या फिलिपिन्स वसाहतीची राजधानी होती. फेब्रुवारी १५९७ मध्ये नागासाकीत ज्या २६ जणांना क्रुसावर मारण्यात आले, त्यांत तो होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले आणि भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत ठरला.

कोटाच्या आत खाण्यापिण्याची मोठी सोय नाही. पाणी, टोपी आणि चांगली पकड असलेले बूट हवेत. मोडक्या जिन्यांवर आणि तटाच्या कडेवर चढू नये. अंधार पडण्यापूर्वी बाहेर पडावे.

चारोटीच्या आसपास याच काळाचे काही आहे का?

आहे आणि ते महामार्गावरून रोज दिसते. चारोटीच्या दक्षिणेला, मनोरच्या अलीकडे खोडकोना गावाच्या वर आशेरी किल्ला आहे. पोर्तुगिजांनी तो १५५६ च्या सुमारास घेतला. वसई आणि दमण यांच्यामधला हा डोंगरी पहारा होता. वाटेवरच्या दगडावर मुकुटासह कोरलेले पोर्तुगीज राजचिन्ह आजही आहे. किनाऱ्यावरची शहरे सागवानावर आणि गावांच्या महसुलावर उभी होती. ते जंगल आणि ती गावे आशेरीसारख्या ठाण्यांच्या टापूत होती. चढाई दमवणारी असल्याने या दोन दिवसांत ती बसवू नये. हिवाळ्यातील एखादी सकाळ तिच्यासाठी वेगळी काढावी.

जाण्यासाठी योग्य काळ कोणता?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात वसईचा कोट हिरवागार दिसतो, पण दगड शेवाळलेले असतात आणि झुडपांत साप-विंचवांचे भय असते. एप्रिल-मेमध्ये दुपारी तटावर उभे राहवत नाही. चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढे येथील महालक्ष्मीची यात्रा भरते, तेव्हा चारोटी परिसरात महामार्गावर मोठी गर्दी असते. ते दिवस टाळावेत. जोडून सुट्ट्या आल्या की मुंबई आणि गुजरात या दोन्ही बाजूंची गर्दी दमणला लोटते. साधा शनिवार-रविवार सर्वांत बरा.

प्रत्यक्ष स्पेनला जायचे असेल तर?

पद्धत तीच, फक्त तयारी काही महिने आधी सुरू करावी लागते. स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस हाती असावे लागतात. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो असून अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. किमान ३० हजार युरोंचा प्रवासी आरोग्य विमा बंधनकारक आहे. ग्रॅनाडातील अल्हांब्रा पाहायचे असल्यास विमानाच्या तिकिटाइतकेच महत्त्व त्याच्या प्रवेशपत्राला द्यावे. नासरी महालांसाठी ठरलेली वेळ मिळते, प्रवेशपत्र नावावर असते आणि ते संपले की दारातून परतावे लागते. तोलेदो माद्रिदहून वेगवान रेल्वेने सुमारे अर्ध्या तासावर आहे. अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, हे पाहून दिवस निवडावा.

चार दिवसांची सहल असेल तर तेथेही दोनच शहरे घ्यावीत आणि पायी फिरावीत. दुसऱ्या फिलिपने १५६१ मध्ये आपला दरबार तोलेदोहून माद्रिदला हलवला. त्यानंतर १९ वर्षांनी पोर्तुगालसह दमण आणि वसईही त्याच्या अमलाखाली आली. दमण आणि वसई आधी पाहिलेल्या प्रवाशाला तोलेदोचे दरवाजे, तट आणि अरुंद गल्ल्या तितक्या परक्या वाटणार नाहीत.